बंदिशीचं वय

"आता भोपाळची एक चीज गाते," क्षितिजा म्हणाली. "दरबारातली आहे. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीची."

रविवारची सकाळ होती. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या एका दंतवैद्याच्या दिवाणखान्यात मराठी मंडळाची महिन्याची बैठक भरली होती. साठेक माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. अच्युत खानझोडेच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो सतरंजीवर अंगठा दाबून त्या घालवत होता. 'जुनी चीज' म्हटल्याबरोबर त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तीस वर्षं ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्यावर हात असा आपसूक जायला लागतो, डोक्याला विचारत नाही. पेन निघालं, निमंत्रणपत्रिकेची कोरी बाजूही सापडली. क्षितिजानं झिंझोटीचे चार सूर लावले आणि पहिली ओळ म्हटली, 'ताल किनारे दियरा न बारो.' त्यानं 'ताल किनारे' एवढं लिहिलं. छान आहे, हे आपल्या नजरेतून कसं सुटलं, असं त्याच्या मनात आलंही. मग तिनं दुसरी ओळ घेण्याआधीच ती त्याच्या डोक्यात पुरी होऊन उभी राहिली, 'पनिया की नींद उचट जइहै,' आणि पेन कागदावरच थांबलं. तळ्याकाठी दिवा लावू नकोस, पाण्याची झोप मोडेल. ही ओळ त्याची होती. त्यानंच ती रचली होती, नऊ वर्षांपूर्वी छापून आलेल्या कादंबरीसाठी, चंदनबाई नावाच्या कधीच जन्माला न आलेल्या गायिकेच्या तोंडी घालायला.

पहिली उमटली ती खुशी, हे त्यानं नंतर स्वतःशी कबूल केलं. अगदी उघडीवाघडी खुशी, पोटातून वर येणारी. कादंबरीत नुसते शब्द होते आणि रागाचं नाव होतं. चाल नव्हती, कारण चाल बांधणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. इथं तर ओळीला हातपाय फुटले होते. 'दियरा'वर क्षितिजा खाली धैवतापर्यंत जाऊन परत येत होती, जणू कुणी ओणवं होऊन खरंच दिवा विझवत होतं. पुढच्या रांगेतले निवृत्त कार्यकारी अभियंते डोळे मिटून मान हलवत होते. बसल्या जागी अच्युतला वाटलं, उठावं आणि सांगावं, माझी आहे. तेवढ्यात तिनं अंतरा घेतला. 'जागी तो पूछिहै नाँव हमारो, कौन कहे अब, कौन सुने.' पाणी जागं झालं तर आपलं नाव विचारेल. आता सांगणार कोण आणि ऐकणार कोण. अंतरा त्यानं लिहिलाच नव्हता. त्याच्या पुस्तकात त्या दोन ओळींनंतर पहारेकरी येतो आणि गाणं तुटतं. मग हा अंतरा आला कुठून?

टाळ्या झाल्या. शोभानं, त्याच्या बायकोनं, कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानंही तळवे एकमेकांना लावले, पण आवाज निघाला नाही. घर तिथून पंधरा मिनिटांवर. गुलमोहरांच्या सावलीतून चालत निघाल्यावर त्यानं तिला सांगितलं. शोभा नागपूरची, तिला गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. "मग उठून सांगायचं नं तिथंच," ती म्हणाली. "साठ लोक होते समोर. तेवढ्यात झालं असतं." तो म्हणाला, "पोरीची मैफल होती. आणि अंतरा माझा नाही." "म्हणजे अर्धी तुमची अन् अर्धी दरबारातली?" शोभा हसली. त्याला हसता येईना. तिनं सहज बोललेलं ते त्याच्या मनात तिच्याही आधी येऊन बसलं होतं.

अच्युत खानझोडेला स्वतःच्या कामाबद्दल शंका घ्यायची सवय नव्हती. चौतीस वर्षं त्यानं कारखान्यात मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरांच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि त्याची सही झाल्याशिवाय एकही नग फाटकाबाहेर गेला नव्हता. तीच सही तो आपल्या कादंबऱ्यांवर करत आला. प्रत्येक मापाला किती फरक चालेल हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, तसं त्यानं इतिहासाचंही ठरवून घेतलं होतं: तारखांना फरक चालणार नाही, पोशाखाला पाचदहा वर्षं इकडेतिकडे चालतील, माणसं एकमेकांशी काय बोलली त्याला मोकळीक. चंदनबाई भरलेली घागर घेऊन तळ्यापासून महालाच्या मागच्या दारापर्यंत किती वेळात पोचेल हे कळावं म्हणून तो स्वतः पितळी कळशी खांद्यावर घेऊन ऐन मे महिन्यात चालला होता, आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्याला नवस आहे का म्हणून विचारलं होतं. सारंगीच्या तातीसाठी बकऱ्याची आतडी कशी पिळतात हे बघायला तो दोन दिवस एका कारागिराच्या अंगणात नाक धरून बसला होता. पुण्याहून समीक्षक फोन करून त्याला विचारत, अमक्या साली कनात कशाची असायची हो? तो पुस्तक न उघडता सांगायचा. हे सगळं खरं होतं. आणि त्या सगळ्या खऱ्याच्या मधोमध, दोन अस्सल बंदिशींच्या मध्ये, त्यानं आपली तिसरी बसवून दिली होती आणि ती कुणाला ओळखू आली नव्हती, याचा त्याला आजवर अभिमान वाटत आला होता.

घरी आल्यावर त्यानं कादंबरी काढली आणि शेवटचं पान उघडलं. 'या कादंबरीतील दरबारी शिष्टाचार, पोशाख, वाद्ये आणि बंदिशी यांना तत्कालीन कागदपत्रांचा आधार आहे.' 'आणि बंदिशी' हे दोन शब्द मूळ हस्तलिखितात नव्हते. ते त्यानं शेवटच्या प्रुफात घातले होते, हिरव्या शाईनं, इथंच, या टेबलापाशी. घालताना हात अडखळला नव्हता, उलट जरा ऐटीतच चालला होता. त्या वेळी त्याला वाटलं होतं की ओळ इतकी चांगली उतरली आहे, की तिला जुनं असण्याचा हक्क आहे. आता तेच शब्द वाचताना दुसऱ्याचं अक्षर बघावं तसं त्यानं त्यांच्याकडे बघितलं. पण अस्वस्थता याची नव्हती, किंवा एवढीच नव्हती. अंतरा जर खरोखर जुना असेल, तर त्या दोन ओळींची स्थायीही जुनी. म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी वहीत ती चीज त्यानं वाचली असणार, विसरला असणार, आणि मग एका दुपारी ती आपल्याला सुचली अशा समजुतीत लिहून काढली असणार. असं होतं. गुणगुणताना आपली वाटलेली चाल चार दिवसांनी रेडिओवर लागते. आयुष्यात सहा कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या हजारो वाक्यांमध्ये त्याला मनापासून आवडणारी ही एक ओळ, आणि तीच उसनी? दुपारभर खोलीत येरझारा घालताना त्याच्या लक्षात आलं की आपल्यासमोर दोनच वाटा आहेत. ओळ आपली असेल तर आपण छापील खोटं बोललो आहोत. ओळ आपली नसेल तर आपण खोटं बोललेलो नाही, पण आपण ती लिहिलेलीही नाही. आणि खोटारडं ठरणं आपल्याला मनापासून हवं आहे, हे कळल्यावर तो मधेच उभा राहिला.

सोमवारी त्यानं माळ्यावरच्या फायली चाळायला घेतल्या. शोभा खालून शिडी धरून होती. "अडुसष्टाव्या वर्षी हे उद्योग," ती म्हणत होती, पण शिडी घट्ट धरली होती तिनं. तिसऱ्या फायलीत तो कागद निघाला. कारखान्यातला गुलाबी चाचणी-तक्ता, दर तासाच्या तेलाच्या तापमानाचे आकडे, आणि समासात पेन्सिलीनं, तिरकं: 'ताल किनारे दीपक न जारो.' 'दीपक' खोडून 'दियना'. 'दियना' खोडून 'दियरा'. 'जल की निंदिया टूटेगी' असं काहीतरी, त्यावर दोनदा रेघ. खाली, जरा दाबून, शेवटची ओळ. त्याला ती दुपार लख्ख आठवली. दिवसभर चालणारी चाचणी, काचेपलीकडे घराएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याचा तो एकसारखा घुमणारा आवाज, पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर, ना चढणारा ना उतरणारा. बाकीच्यांचं डोकं दुखायचं त्यानं. अच्युतला मात्र तो तानपुऱ्यासारखा वाटायचा. त्या घुमण्यात बसलं की शब्द आपापल्या उंचीवर येऊन थांबत, चूक शब्द आपोआप बेसूर व्हायचा आणि तो खोडायला लागायचं. संशोधनानं मन भरायचं, पण लिहायला बसला की त्याला नेहमी असं काहीतरी मागं वाजत असावं लागे, ज्याला काहीच म्हणायचं नाही असं. त्यानं कागद उजेडात धरला. उतरवून घेणारा माणूस असा खोडत नाही. ओळ त्याची होती. खालून शोभानं विचारलं, "सापडलं?" तो म्हणाला, "सापडलं. मी खोटारडा आहे." आणि तो इतक्या आनंदात म्हणाला की शोभा वर बघतच राहिली.

बुधवारी क्षितिजा स्वतःच आली. फोन करून आली, लॅपटॉप घेऊन, सोफ्याच्या कडेवर बसली. सत्तावीस वर्षांची, वडिलांचं गोविंदपुऱ्यात लहानसं वर्कशॉप, आणि ती भोपाळच्या दरबारी गाण्यावर पीएच.डी. करत होती. "काका, तुम्ही बैठकीला आलात ना, मी इतकी नर्व्हस होते," ती म्हणाली. "तुमची कादंबरी आईच्या कपाटात होती. बी.ए.ला असताना वाचली. मतलब, माझा विषयच तिथून निघाला. आता एकच बात अडलीय. माझं पूर्ण तिसरं प्रकरण या बंदिशीवर आहे, पस्तीस पानं. गाईड म्हणतात, मूळ साधन दाखवा. तुम्ही शेवटी लिहिलंय की बंदिशींना कागदपत्रांचा आधार आहे. मला फक्त त्या कागदाचा फोटो पाहिजे. बस्स. दीड महिन्यात सबमिशन आहे."

कागद टेबलाच्या खणात होता, गुलाबी, तेलाच्या तापमानांसकट. अच्युतनं खणाकडे पाहिलं नाही. "अंतरा कुणाकडून मिळाला तुला?" त्यानं विचारलं.

"मुबीन मियाँकडून. जहाँगीराबादला राहतात. सारंगी वाजवायचे, रेडिओवर नोकरी होती. मी त्यांना तुमचं पान वाचून दाखवलं, तर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ये तो हमारे दादा गाते थे. आठ दिवसांनी बोलावलं आणि अख्खी चीज शिकवली."

"आठ दिवसांनी?"

"आठवायला वेळ लागतो ना काका. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत."

तिच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. अच्युतला एकदम हसू फुटेल असं वाटलं आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल काळजीही वाटली. "मला चार दिवस दे," तो म्हणाला. ती "पक्का?" म्हणाली, आणि तो "पक्का" म्हणाला. ती गेल्यावर त्याला वडील आठवले. छप्पन्न साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा सचिवालयातले कारकून कपाटांसारखे उचलून इकडे आणले गेले, त्यातले ते एक. त्याच वर्षी अच्युत जन्मला. शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळी पायरीवर बसून वडील म्हणायचे, "आपलं जुनं सगळं तिकडे राहिलं. इथं आपलं जुनं काहीच नाही." ते तक्रार करत नसत, नुसतं सांगत, पाणी आलं नाही असं सांगावं तसं. दहाबारा वर्षांच्या अच्युतला ते फार लागायचं. तळी इथली, चढउतार इथले, शाळेतल्या शिव्या इथल्या, आणि जुनं मात्र तिकडचं, हे कसं? मोठेपणी त्यानं या शहराचे कागद धुंडाळायला घेतले, कबरींवरची अक्षरं वाचली, दफ्तरांतली धूळ खाल्ली, त्याच्या मुळाशी हेच असावं. इथलं जुनं आपलंही करून घ्यायचं. आणि जिथं सापडलं नाही तिथं, एका दुपारी, थोडं घरीच बनवून ठेवायचं. त्याची त्याला लाज वाटली नाही. पण दीड महिन्यानंतर एका पोरीच्या प्रबंधात ते पुरावा म्हणून बांधलं जाणार होतं, आणि मग कायमचं.

शुक्रवारी सकाळी तो जहाँगीराबादला गेला. गल्लीत एकानं अस्सल भोपाळी ढंगात सांगितलं, "सारंगी वाले? ऊपर चले जाओ, खाँ." जिना अरुंद होता. वरच्या खोलीत मुबीन मियाँ खिडकीपाशी बसून आपल्या नातसुनेनं निवडायला दिलेल्या मेथीची पानं खुडत होते. ते बारीक, ताठ होते; डाव्या हाताच्या नखांच्या मुळाशी तातीनं पडलेले काळे घट्टे अजून तसेच होते. अच्युतनं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. "किताब वाले साहब," ते म्हणाले. "मैं सोच ही रिया था, एक दिन आओगे."

येताना अच्युतनं मनात बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी सोडून त्यानं सरळ विचारलं, "मियाँ, आपके दादा सच में ये गाते थे?"

"दादा?" मुबीन मियाँ हसले, तेव्हा वरचा एकच दात दिसला. "दादा तो रियासत के बैंड में क्लारनेट बजाते थे, साहब. गाना उनके बस का नहीं था. घर में गुनगुना दें तो दादी उठ के चली जाती थीं."

"फिर अंतरा?"

"और स्थायी?" म्हाताऱ्यानं उलट विचारलं आणि पहिल्यांदा मान वर केली. खालच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. "बच्ची ने पढ़ के सुनाया, मैं उसी दम समझ गया कि चीज नई है," मुबीन मियाँ म्हणाले. "पुरानी चीजों में सास होती है, ननद होती है. पिया होता है, नहीं आता तो सौतन होती है. घर भरा रहता है. इसमें कोई है ही नहीं. खाली पानी है. इतना अकेलापन पुराने लोगों के पास कहाँ था, साहब? ये तो अपने जमाने का है."

पुण्याच्या समीक्षकांना, दोन प्राध्यापकांना, बक्षीस देणाऱ्या समितीला जे दिसलं नव्हतं ते या माणसानं एकदा ऐकून सांगितलं होतं. नऊ वर्षं तो ज्याला आपली कारागिरी समजत होता त्यात एक उघडी फट होती, आणि त्या फटीतून तो स्वतःच दिसत होता, काचेअलीकडे बसलेला, समोर तो घुमणारा प्रचंड डबा. त्याला पकडलं गेल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुणीतरी नीट वाचल्यासारखं वाटलं.

"तो बताया क्यों नहीं उसको?"

मुबीन मियाँनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग ते सांगत गेले, तक्रारीचा सूर न लावता. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यामागं सारंगी धरली. निवेदक शेवटी म्हणायचा, 'और सारंगी पर मुबीन खाँ,' कधी वेळ संपलेला असला तर तेवढंही नाही. रिकाम्या वेळात ते चिजा बांधत. पहिल्या एकदोन स्वतःच्या नावानं ऐकवल्या तेव्हा गवय्यांनी कौतुकानं पाठ थोपटली आणि विषय बदलला. मग एकदा त्यांनी सहज म्हटलं की ही दादांची आहे, तर तोच गवय्या वही काढून उतरवायला बसला. "बस. उस दिन से दादा बहुत बड़े गवैये हो गए," ते म्हणाले. "सोलह-सत्रह चीजें होंगी उनकी. ये आख़री थी. आपकी दो लाइनें आईं तो मुझे लगा, कोई और भी बैठा है अपने जैसा, किसी के पीछे छुप के. आठ दिन नींद नहीं आई. फिर अंतरा आया."

त्यांनी चहा मागवला. बशीत ओतून पिता पिता ते म्हणाले, "अब रहने दो, साहब. बच्ची को डिग्री मिल जाएगी. मैं कितने दिन का हूँ. और आपका भी नाम है, उसमें काहे को सुराख करना." त्यांचं म्हणणं समंजस होतं. अच्युतनं त्याचा खरोखर विचार केला, चहा संपेपर्यंत केला. तो गप्प बसला तर तिघांचंही भलं होतं आणि नुकसान कुणाचंच होत नव्हतं. पण त्याला 'कौन कहे अब, कौन सुने' आठवत राहिलं. या माणसानं आपलं गाऱ्हाणं अंतऱ्यात लिहून ठेवलं होतं आणि तेसुद्धा क्लॅरिनेट वाजवणाऱ्या आजोबांच्या नावावर केलं होतं. "मियाँ, मैं बता दूँगा," तो म्हणाला. "आपका भी और मेरा भी. आप मना करेंगे तो सिर्फ मेरा." मुबीन मियाँ खिडकीबाहेर बघत बसले. नाही म्हणाले नाहीत.

क्षितिजा सकाळी वडिलांच्या वर्कशॉपमधल्या केबिनमध्ये बसून लिहायची. लेथ चालू असले की तिला कुणी हाक मारत नसे, म्हणून. दुसऱ्या दिवशी अच्युत तिथंच गेला. गुलाबी तक्ता तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, आधी स्वतःचं, मग मियाँचं. तिनं कागद उलटसुलट करून पाहिला, खोडलेले शब्द वाचले. काचेपलीकडे लोखंडाच्या साली कुरळ्या होऊन पडत होत्या.

"तुम्ही दोघांनी मिळून मला बेवकूफ बनवलं," ती म्हणाली.

"आम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतो."

"ते तर आणखी वाईट." तिचा आवाज चढला. "तीन वर्षं, काका! मी सगळीकडे गायलेय ही. इंदूर, उज्जैन. प्रत्येक वेळी छाती फुगवून सांगितलंय, पावणेदोनशे वर्षं. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"त्या रविवारी सगळ्यांनी दाद दिली," तो म्हणाला. "मला देता येईना. माझीच होती, म्हणून देता येईना, आणि माझी नाही असं तू सांगून बसली होतीस, म्हणून घेताही येईना. एवढं चांगलं गायलीस तू, आणि त्या खोलीत मी एकटा नुसता बसून होतो. मियाँ तर चाळीस वर्षं तसे बसलेत." मग तो म्हणाला, "शेवटच्या पानावरची ती दोन शब्दांची चूक माझी आहे. मी लिहून देतो, सहीनिशी. तुझ्या गाईडना, विद्यापीठाला, ज्याला हवं त्याला. तुझी चूक एवढीच, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास."

"ती लहान चूक नाही," क्षितिजा म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला. तो उठला. तिनं थांबवलं नाही.

पुढचे अकरा दिवस तिचा फोन आला नाही. अच्युतनं पुण्याला प्रकाशकांना पत्र लिहिलं, नव्या आवृत्तीत 'आणि बंदिशी' काढा आणि खाली टीप घाला. टीपही लिहून दिली, चार ओळींची, एकही विशेषण न वापरता. संपादकाचा फोन आला, कशाला हे, कुणी विचारलंय का? तो म्हणाला, मला विचारलंय. ते पत्र टाकून परत येताना त्याला हलकं वाटलं नाही. चाचणी नीट पार पडून आकडे सहीला आले की वाटायचं तसं वाटलं, सरळ. पोरीचं मात्र मनात ठुसठुसत होतं. एक दिवस शोभा म्हणाली, "येईल ती. रागावलेल्या माणसाला खाली उतरायला जिना लागतो. जरा वेळ द्या."

ती आली नाही, फोन आला. "काका, गाईड भडकले," क्षितिजानं थेट सुरुवात केली. "सबमिशन चार महिने पुढं गेलं. घरी पप्पाही नाराज आहेत. तुमचं पत्र लागेल मला, उद्याच." तो बरं म्हणाला. पलीकडे लेथ चालू होता. "प्रकरण मात्र काढणार नाही मी," ती म्हणाली. "नवीन लिहितेय. एखादी चीज जुनी होते कशी, त्यावर. मियाँच्या बाकीच्या सोळा चिजांसकट. आणि ही रेकॉर्ड करायचीय, नावं लावून. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे या. तुम्हाला यावंच लागेल."

शनिवारी त्या वरच्या खोलीत चादर बदललेली होती. मुबीन मियाँ इस्त्रीचा कुडता घालून बसले होते, सारंगी छातीशी. नातसून दारात उभी होती. क्षितिजानं रेकॉर्डर सुरू केला आणि स्वच्छ, थोड्या कोरड्या आवाजात म्हणाली, "राग झिंझोटी. स्थायीचे शब्द अच्युत खानझोडे. अंतरा आणि चाल उस्ताद मुबीन खाँ." तारीख सांगितली. 'उस्ताद' ऐकून म्हाताऱ्यानं खाली बघितलं आणि गज एकदा उगाचच पुसला. मग ती गायला लागली. अच्युतनं डोळे मिटले. आज त्याच्या तोंडून 'वा' निघाली, मोठ्यानं, आणि ती आपल्या ओळीला की गाण्याला हे बघायला तो थांबला नाही. अंतऱ्याला क्षितिजा वर चढली, 'कौन कहे अब, कौन सुने,' आणि सारंगी एकदम थांबली.

"ठहरो, बेटा," मुबीन मियाँ म्हणाले. "ये गलत है."

क्षितिजा गोंधळली. "असंच तर शिकवलंत तुम्ही."

"हाँ. दादा की थी, तो क्या करता? बुजुर्गों की चीज को हाथ कैसे लगाता?" त्यांचे डोळे चमकत होते. "'सुने' निषाद पे लटका हुआ है. पहले दिन से चुभ रिया है मुझे. अब मेरी है. इसको धैवत तक उतरने दो." त्यांनी सारंगीवर ती जागा वाजवून दाखवली, एकदा, मग पुन्हा, आणि खोलीतल्या सगळ्यांना कळलं की हीच जागा होती. क्षितिजानं ती गळ्यातून घेतली. मियाँनी मान डोलावली. मग गज हातात तसाच धरून ते अच्युतकडे वळले.

"और आपका वो 'उचट', साहब? गले में कंकर की तरह आता है. वो भी ठीक कर दो लगे हाथ."

'उचट'. गुलाबी कागदावर दाबून लिहिलेला, आधीची ओळ खोडून मिळवलेला. अच्युत उत्तर द्यायला निघाला होता, की तो शब्द तसाच हवा, त्या काळात तसाच. आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला आता कुठलाच काळ राखायचा नव्हता. शब्द खुपत होता. नऊ वर्षांत त्यानं कधी तो गाऊन बघितला नव्हता.

त्यानं खिशातून पेन काढलं. "दहा मिनिटं द्या," तो म्हणाला, आणि क्षितिजानं हात पुढं करून रेकॉर्डर बंद केला.